पुढून वैकुंठरथ

विक्रोळीला पार्कसाइटच्या टेकडीखाली नवतेज मित्र मंडळाची जी रुग्णवाहिका उभी असायची, तिच्यात चार वर्षांत एकही रुग्ण चढला नव्हता. जे गेले ते सगळे आडवे गेले, आणि चादरीखालून गेले. इस्पितळातून मयत घरी आणायचं, घरून स्मशानात न्यायचं, आणि कुणाच्या नातेवाइकांचा फारच हट्ट असेल तर रात्रभर गाडी हाकून खेडला नाहीतर देवरुखला पोचवायचं, एवढाच त्या गाडीचा संसार. गाडी म्हणजे जुनी मेटॅडोर. दोन्ही बाजूंना देणगीदारांची नावं इतकी दाटीवाटीने रंगवली होती, की 'रुग्णवाहिका' हा शब्द लिहायला जागा उरली ती फक्त पुढे काचेच्या वर आणि मागे दारावर.

या गाडीवर दशरथ घाग मदतनीस होता. मदतनीस म्हणजे मढं उचलणारा, असं टेकडीवरची पोरंसोरंसुद्धा समजून चालायची. पण दशरथ स्वतःला तसं समजत नसे. लालबागच्या गिरणीत तो चौदा वर्षं दवाखान्यात मलमपट्टीला होता. यंत्रात बोटं गेलेली माणसं त्याने पाहिली होती, रक्त थांबवलं होतं, मोडक्या हाताला फळी बांधली होती. गिरणीच्या डॉक्टरांनी त्याला प्रथमोपचाराच्या परीक्षेला बसवलं, आणि त्याचं सर्टिफिकेट त्याने घरी देवांच्या शेजारी काचेत लावलं. मग ब्याऐंशीचा संप आला. गिरणी गेली, दवाखाना गेला, सर्टिफिकेट तेवढं राहिलं.

त्या सर्टिफिकेटाला जागून दशरथ रोज सकाळी स्ट्रेचर फिनेलने पुसायचा, पेटीतल्या पट्ट्या मोजायचा, बॅटरीचे सेल तपासायचा आणि ड्रायव्हर रतनची नाडी बघायचा. रतनला काही झालेलं नसायचं. पण हाताची सवय जाऊ नये ना. "बाहत्तर," दशरथ म्हणायचा. "काल पण बाहत्तरच होते रे," रतन विडी पेटवत म्हणायचा. चार वर्षांत त्या रुग्णवाहिकेत मोजली गेलेली एकमेव नाडी ती.

लोकांचंही बरोबरच होतं म्हणा. गाडी दारात आली की माणूस गेला, हे टेकडीवर जो तो डोळ्यांनी बघत होता. त्यामुळे बाळंतीण टॅक्सीने जायची, छातीत दुखणारा रिक्षाने जायचा, आणि माळ्यावरून पडून पाय मोडलेल्या एकाला तर चौघांनी दारावर घालून चालत नेलं. एकदा एक माणूस नळावर चक्कर येऊन पडला, म्हणून दशरथ आपली पेटी घेऊन धावत त्याच्या खोलीवर गेला. त्याच्या बायकोने दशरथला बघितलं आणि धाडकन दार लावून घेतलं. "अहो, माझा नवरा जिवंत आहे अजून!" ती आतून ओरडली. म्हणून तर आलोय, असं दशरथ बंद दाराला सांगत राहिला.

गाडीच्या नावाने सगळ्यांत जास्त बोटं मोडायची ती सुंदराबाई. तिची खानावळ टेकडीच्या पहिल्या वळणावर होती. बाई मालवणकडची, वय साठीला टेकलेलं, तोंडाची तिखट आणि हाताची सैल. रतनने इंजिन सुरू केलं रे केलं, की ही पळी हातात घेऊन दारात. "गेली बाय! कोणाक गिळूक चालली गो आज?" आणि वर दशरथकडे बघून, "तू मेल्या माणसात ये. सोड ती गाडी."

दशरथला तिचा राग यायचा नाही, कारण संपाच्या दीड वर्षात त्याला दोन वेळ जेवू घातलं ते या बाईने. शेवंती, त्याची बायको, पोरांना घेऊन गावी गेली होती. हा रोज जेवायच्या वेळेला खाली मान घालून यायचा, आणि सुंदराबाई ताट वाढून मुद्दाम दुसरीकडे बघायची. त्या गोष्टीचा तिने नंतर कधी शब्दाने उल्लेख केला नाही. दशरथनेही केला नाही, पण तो विसरला होता असं नव्हे.

सत्त्याऐंशी साली शिमग्याच्या आधी मंडळाची दशकपूर्ती आली आणि अध्यक्ष सीतारामभाऊंनी दशरथला कार्यालयात बोलावलं. सीतारामभाऊ मनाने वाईट नव्हते. फक्त माईक दिसला की त्यांच्यात काहीतरी संचारायचं.

"दशरथ, आपण व्यवहार बघू या," ते म्हणाले. "लोकांना रुग्णवाहिका नको आहे. लोकांना पाहिजे शववाहिनी. मग आपण खोटं नाव का मिरवायचं? दशकपूर्तीच्या मिरवणुकीत मी जाहीर करणार आहे. सोमवारपासून गाडीचं नाव वैकुंठरथ. पेंटरला सांगितलंय."

"भाऊ, पण एखाद्याला गरज लागली तर?"

"चार वर्षांत लागली का कुणाला?"

शेजारी चिटणीस श्यामसुंदर फेऱ्यांची वही उघडून बसलेच होते. वहीच्या डाव्या पानावर 'रुग्ण' आणि उजव्या पानावर 'मयत' असे मथळे त्यांनीच आपल्या मोत्यासारख्या अक्षरात काढले होते. डावं पान कोरं करकरीत होतं. उजव्या बाजूला त्रेपन्न नावं.

"तुझं काम आहे तसंच राहील," सीतारामभाऊंनी धीर दिला. "ती औषधांची पेटी तेवढी लेझीम पथकाला देऊन टाक. पोरांचे गुडघे फुटतात."

त्या रात्री दशरथला घास गोड लागला नाही. गाडीला मढ्याची गाडी म्हणायचे ते लोक म्हणायचे. पण ते नाव रंगवून कपाळावर आलं की मग आपण कोण? चौदा वर्षं शिकलो ते कशासाठी? एक माणूस, फक्त एक, या गाडीतून जिवंत जावा आणि जिवंत परत यावा, एवढंच त्याचं मागणं होतं. शेवंतीला तो हे बोललाही. ती म्हणाली, "अहो, म्हणजे कुणीतरी आजारी पडू दे असं देवाकडे मागताय तुम्ही." मग त्याने तेही मागणं बंद केलं.

रविवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढे बँड, मग लेझीम, मग उघड्या जीपमध्ये सीतारामभाऊ, त्यांच्या मागे टेकडीवरची यच्चयावत जनता. गाडीचा नंबर शेवटी, अकरा वाजता. रतनने ती धुऊन चकचकीत केली होती आणि बॉनेटवर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. खरं सांगायचं तर माळांमुळे ती नेहमीपेक्षाही जास्त मढ्याची दिसत होती. मागच्या दारावर कापडी फलक होता, 'जनसेवा हीच ईश्वरसेवा'.

साडेदहाला खानावळीत भाकऱ्या थापणारी शकु धावत खाली आली. "दशरथदादा, मावशीला कसंतरी होतंय. घामाने भिजलीय नुसती."

दशरथने लेझीमवाल्यांना अजून न दिलेली पेटी उचलली आणि पायऱ्या चढून गेला. सुंदराबाई भिंतीला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा. एक हात छातीवर, दुसरा डाव्या खांद्याकडे. दशरथने मनगट धरलं. नाडी धावत होती, मधूनच अडखळत होती. गिरणीत एका जॉबरची, म्हणजे मुकादमाची, अशी नाडी त्याने पाहिली होती. तो जॉबर "मला काही नाही" म्हणत जिना उतरला होता आणि शेवटच्या पायरीवर गेला होता.

"मावशी, उठायचं नाही. एक पाऊल टाकायचं नाही. आपण इस्पितळात जातोय."

"रिक्षा हाड," ती धापा टाकत म्हणाली.

"रिक्षा कुठून आणू? सगळा रस्ता मिरवणुकीने भरलाय. गाडी आहे ना खाली."

"त्या गाडयेत?" एवढ्या दुखण्यातही तिचे डोळे मोठे झाले. "मी पाय ठेवूचंय नाय त्या गाडयेत."

"पाय ठेवूच नको. खुर्चीसकट उचलून ठेवतो."

आणि खरोखरच त्याने रतनला हाक मारून वर बोलावलं, तिला खानावळीच्या लाकडी खुर्चीवर बसवलं, कमरेला लुगड्याची घडी आवळून बांधली, आणि रतनने पुढचे पाय, त्याने पाठ धरून तिला टेकडीवरून उतरवलं. ती वाटभर दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. दशरथला त्याचं बरं वाटत होतं. शिव्या देतेय तोवर श्वास चालू आहे. गाडीत त्याने तिच्या पाठीशी गोधड्या रचून तिला अर्धवट बसतं ठेवलं, चोळीची गाठ सैल केली, खिडक्या उघडल्या. आडवं केलं तर श्वास कोंडेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग त्याने रतनला हाक दिली, "भोंगा लाव आणि हाण."

चार वर्षांत तो भोंगा कुणी ऐकला नव्हता. मेलेल्याला कसली घाई?

आग्रा रोडला लागले आणि तिथेच अडकले. पुढे त्यांचीच मिरवणूक. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला, कडेला ट्रक उभे, उलटायला जागा नाही. रतनने भोंगा वाजवला तसे मागचे लोक वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद फुलला.

"आली! गाडी आली!"

गळ्यात शिटी अडकवलेला एक स्वयंसेवक पुढे आला आणि रतनला हाताने दाखवू लागला, मागे, मागे, तुमचा नंबर शेवटी. रतन खिडकीतून ओरडला, "पेशंट आहे रे आत! बाजूला व्हा!" ते ऐकून आजूबाजूचे खो खो हसले. या गाडीत पेशंट! रतनला विनोद बरा जमतो हे त्यांना आजच कळलं. कुणीतरी म्हणालं, "वाजव, वाजव अजून, झकास वाजतोय." लेझीमवाल्या पोरांनी भोंग्यावर ताल धरला. दशरथने मागचं दार उघडून हातवारे केले, तर लोकांनी त्यालाही हात हलवून दाखवले.

दहा मिनिटं गेली. गाडी वीस हातसुद्धा सरकली नाही. सुंदराबाईच्या शिव्या थांबल्या होत्या. दशरथला त्या शांततेची भीती वाटली. एक पेशंट मिळावा म्हणून देवाला साकडं घातलं होतं ना मी, त्याच्या मनात आलं. देवाने नेमकी हीच उचलून दिली.

दार लावताना त्याची नजर कोपऱ्यातल्या घडी केलेल्या पांढऱ्या चादरीवर पडली. या चादरीला आग्रा रोडवर कुणी कधी अडवलेलं नव्हतं. ट्रकवाले बाजूला व्हायचे, बसचे कंडक्टर घंटी न वाजवता थांबायचे, हातगाडीवाले हात जोडायचे. जिवंत माणसाला इथे कुणी वाट देत नव्हतं, पण मेलेल्याला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तो सुंदराबाईच्या कानाशी वाकला. "मावशी, दोन मिनिटं मरायला लागेल."

तिने डोळे उघडले. "माका मारूकच हाडलंस मेल्या तू."

"नुसतं नाटक. मी आडवं करतो, तोंडावर चादर घालतो. हूं नाही की चूं नाही. रस्ता मोकळा झाला की लगेच उठवतो."

"आणि खराच मेलंय तर?"

दशरथने तिचा हात घट्ट धरला. तिने त्याच्याकडे क्षणभर बघितलं, आणि संपाच्या दिवसांत ताट वाढून बघायची तशी दुसरीकडे बघितलं. मग डोळे मिटले.

त्याने गोधड्या काढल्या, तिला आडवं केलं, चादर डोक्यावरून ओढली आणि दोन्ही दारं सताड उघडली. रतनला म्हणाला, "भोंगा बंद. एकदम हळू चल." आणि मागच्या पायरीवर उभा राहिला. दोन्ही हात जोडणं शक्य नव्हतं, कारण डावा हात आत चादरीखाली तिच्या नाडीवर होता. म्हणून एकच हात त्याने छातीशी धरला. अर्धाच नमस्कार, पण तो अर्धा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मागे उभ्या असलेल्या बायकांनी आत बघितलं. मग एकीच्या तोंडून "अगं बाई!" निघालं, आणि पुढचं सगळं आपोआप झालं. हात जोडले गेले. लेझीम खाली आल्या. शिटीवाल्याने शिटी तोंडातून काढली आणि त्याच हातांनी, ज्यांनी आत्ता गाडीला मागे जायला खुणावलं होतं, तो लोकांना बाजूला सारायला लागला. "सरका, सरका, मयत आहे." मग बँड मधल्या सुरावर थांबला. "कोण? कोण गेलं?" "खानावळीतली सुंदराबाई." नाव पुढे पुढे गेलं, आणि ज्यांनी ज्यांनी तिच्या हातचं खाल्लं होतं ते खरोखरच डोळे पुसायला लागले. तिथे अर्धी मिरवणूक तिच्या हातचं जेवलेली होती.

गाडी जीपपर्यंत आली. आता पुढे मोकळा रस्ता दिसत होता. आणि इथेच वाट लागली, कारण सीतारामभाऊंच्या हातात माईक होता.

ते जीपमधून उतरले, गळ्यातला पाचफुटी हार काढला आणि गाडीत चढून स्वतःच्या हातांनी सुंदराबाईच्या छातीवर ठेवला. ते एक बरंच झालं म्हणायचं, कारण चादर तिथेच खालीवर होत होती. एका बाईला ते दिसलंही. "हललं काहीतरी," ती पुटपुटली. "इंजिन चालू आहे," दशरथ म्हणाला.

"बंधू-भगिनींनो," सीतारामभाऊ माईकवर म्हणाले, "आज आपल्या आनंदावर विरजण पडलं आहे." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. टेकडीवर आले तेव्हा पहिले सहा महिने तेही तिच्याच खानावळीत जेवले होते. अन्नपूर्णा म्हणजे काय, माउली म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं. दशरथ खुणा करत होता, भाऊ, जाऊ द्या, जाऊ द्या. लोकांना वाटलं त्याला शोक आवरत नाही. मग सीतारामभाऊंनी जाहीर केलं, "आपण सारे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहू."

आग्रा रोड थांबला. हजारभर माणसं, बँड, ट्रकांची रांग, सगळं चिडीचूप. रतनने इंजिनसुद्धा बंद केलं, न करून सांगतो कुणाला? आणि त्या शांततेत दशरथ मान खाली घालून एकशे वीस सेकंद नाडी मोजत राहिला. इतकी निवांत नाडी मोजायला त्याला गिरणीच्या दवाखान्यातही कधी मिळाली नव्हती. तीस, एकतीस, मग एक ठोका हरवला. परत आला. बावन्न, त्रेपन्न, पुन्हा हरवला, आणि या वेळी लवकर आलाच नाही. दशरथच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्रेपन्न मढी त्याने कोरड्या डोळ्यांनी उचलली होती. आज चारचौघांत तो लहान पोरासारखा रडत होता. मग बोटाखाली ठोका आला, आणि त्याच वेळी चादरीखालच्या हाताने त्याचं बोट दाबलं.

"सुंदराबाई अमर रहे!" सीतारामभाऊ म्हणाले, आणि रस्ता मोकळा झाला.

नंतर घाटकोपरच्या पालिकेच्या इस्पितळापर्यंत पोचायला सात मिनिटं लागली. फाटकावरच्या रखवालदाराने हार बघितला आणि सवयीने हात दाखवला, मयत मागच्या बाजूला. तोवर दशरथने चादर काढून तिला पुन्हा गोधड्यांना टेकवलं होतं. हार मात्र तसाच राहिला होता. सुंदराबाईने रखवालदाराकडे बघितलं आणि ती पुटपुटली, "तुझो बापूस मयत." बिचारा चार पावलं मागे सरला आणि मग स्ट्रेचरसाठी ओरडत आत धावला.

डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं. संध्याकाळी ते बाहेर येऊन दशरथला म्हणाले, "धोका टळलाय. चालवत नाही आणलीत ते फार बरं केलंत. कुणी शिकवलं तुम्हाला?" दशरथने गिरणीचं नाव सांगितलं. ती गिरणी आता नाही हे सांगावंसं त्याला वाटलं नाही.

टेकडीवर परत आला तेव्हा खानावळीसमोर बांबू येऊन पडले होते. मडकं आलं होतं, गोवऱ्या आल्या होत्या, शकु कोपऱ्यात रडत होती. नवतेज मित्र मंडळ कुठल्या कामात ढिलं असेल तर असेल, या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. नाक्यावरच्या फळ्यावर श्यामसुंदरांनी रंगीत खडूंनी लिहिलंही होतं: 'कै. सुंदराबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली', खाली समई आणि तारीख.

"अहो, ती जिवंत आहे," दशरथ म्हणाला. शकुने हुंदका अर्धा सोडून त्याला मिठी मारली. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. आनंद सगळ्यांनाच झाला, नाही असं नाही. पण जमलेले बांबू परत कोण घेणार, हा प्रश्नही होताच.

श्यामसुंदर वही घेऊन आले. उजव्या पानावर चोपन्नावं नाव चढलेलं होतं. "खोडता येणार नाही," ते म्हणाले. "भाऊंनी स्वतः हार घातलाय. पेपरवाल्याने फोटो काढलाय."

सीतारामभाऊ त्याहून अडचणीत होते. "अरे दशरथ, मी हजार माणसांना उभं केलं. आता उद्या सांगू की त्या बऱ्या आहेत? माझी काय शोभा राहील? फळा चार दिवस राहू दे, मग हळूच पुसू." आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "पण एक बघितलंस ना? गाडी बघून लोक कसे हात जोडून उभे राहिले! वैकुंठरथच पाहिजे. माझं म्हणणं बरोबर होतं."

सोमवारी पेंटर बाळा आला. त्याने पुढच्या काचेच्या वरचं 'रुग्णवाहिका' खरवडून तिथे झोकदार अक्षरांत 'वैकुंठरथ' काढलं, दोन्ही बाजूंना कमळं काढली, आणि मागचं दार करायच्या आत शिमग्याला गावी पळाला. शिमग्याला कोकणातला माणूस मुंबईत थांबवायचा म्हणजे पालखी थांबवण्यासारखंच. तो परत आला तो थेट तेराव्या दिवशी.

आणि तेराव्या दिवशीच सुंदराबाईंना घरी सोडलं. त्या दशरथ-रतनच्या मध्ये, पुढच्या सीटवर, ताठ बसून आल्या. गाडी नाक्यावर वळली तसे लोक सवयीने उभे राहिले आणि हात जोडले. मग वर बघितलं, तर काचेआडून सुंदराबाई बघत होत्या. एका म्हाताऱ्याच्या हातातली पिशवीच पडली.

फळा अजून तसाच होता. पुसायचं धैर्य कुणाला झालं नव्हतं. सुंदराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी दशरथकडून वाचून घेतलं, दोनदा. "बरा लिवलाहा," त्या म्हणाल्या. श्यामसुंदर डस्टर घेऊन धावले, तर त्यांनी थांबवलं. "रवांदे. कधीतरी लागतलाच. तारीख तेवढी पूस."

तेवढ्यात त्यांना मागच्या दाराशी डबा-ब्रश घेऊन बसलेला बाळा दिसला. काय चाललंय ते दशरथने सांगितलं. त्या मागे गेल्या, दार उघडलं, ज्या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणाल्या होत्या तिच्यात स्वतःच्या पायाने चढल्या, आणि स्ट्रेचरवर मांडी घालून बसल्या.

"आता रंगव," त्या बाळाला म्हणाल्या. "मी हंय बसलंय."

सीतारामभाऊ आले, समजूत घालायला लागले. सुंदराबाई म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी तुमी काय काय बोललास ता सगळा आयकलंय मी चादरीखालसून. माउली म्हणालास. मग माउलीचा आयका." भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यात त्यांनी शेकडो श्रद्धांजल्या वाहिल्या होत्या. उलट उत्तर आलं ते या एकीकडूनच. त्यांनी बाळाला हाताने खूण केली, राहू दे. सुंदराबाईंनी उतरण्याआधी श्यामसुंदरांकडून वही मागवली आणि डाव्या कोऱ्या पानावर, दशरथने लिहिलेल्या आपल्या नावापुढे, अंगठा उमटवला.

म्हणून ती गाडी तशीच राहिली, पुढून वैकुंठरथ आणि मागून रुग्णवाहिका. मागचं दार सुंदराबाईंच्या धाकाने कुणी रंगवलं नाही, आणि पुढचं पुसायला दशरथने स्वतःच नको म्हटलं. सीतारामभाऊंना आश्चर्य वाटलं, पण दशरथने कारण सांगितलं नाही.

त्यानंतर टेकडीवरची माणसं गाडीला बोलावू लागली. आधी एक बाळंतीण आली, मग कारखान्यात हात भाजलेला एक जण, मग पूर्वी दशरथच्या तोंडावर दार लावून घेतलेली ती बाई, नवऱ्याला घेऊन. सगळे मागच्या बाजूने चढत, दारावरचं नाव वाचून, निर्धास्त. आणि पुढे आग्रा रोडवर ट्रक, बस, हातगाड्या काचेवरचं दुसरं नाव वाचून बाजूला होत. गाडी पुढे गेल्यावर मागचं दार बघून लोक चक्रावत, कुणी शिव्याही देत, पण तोवर वाट मिळालेली असे. चादर दशरथला पुन्हा कधी कुणा जिवंत माणसावर घालावी लागली नाही. तो नुसता पायरीवर उभा राहायचा, मान खाली घालून, एक हात छातीशी आणि दुसरा आत, कुणाच्या तरी नाडीवर.